ताई युरोपियन आहे का, यावर झालेलं मतदान

अन्याय माझ्या थोरल्या बहिणीवर झाला. दोन हजार दोन सालच्या रमझानमध्ये, दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी, दुपारी, अजमानच्या आमच्या फ्लॅटमध्ये. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला कॉम्प्युटर होता आणि दुसऱ्या टोकाला आई शेवग्याच्या शेंगांच्या शिरा काढत बसली होती. कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी दार आपटलं नाही. पडद्यावर एक ओळ आली की तुम्हाला या फोरमवर लिहिण्याची परवानगी नाही. ताईने ती वाचली, मी वाचली, आईने विचारलं नेट गेलं का, आणि ताई म्हणाली हो.

मी पुढे पुण्यात पत्रकं लिहायला शिकले. तिथे पहिल्याच ओळीत कुणावर काय आणि कधी गुदरलं ते सांगायचं असतं, कारण रस्त्यात कागद हातात घेणारा माणूस दुसरी ओळ वाचेलच असं नाही. म्हणून ते आधी सांगून टाकलं. पत्रकात जे मावत नाही ते आता लिहिते.

बाबा पेडणे तालुक्यातले. ते जन्मले तेव्हा गोव्यावर पोर्तुगालचं राज्य होतं, म्हणजे जन्मतःच ते पोर्तुगालचे नागरिक. ही युक्ती नव्हे की पळवाट नव्हे, त्या देशाचा कायदा आहे. आई बांद्याची, पत्रादेवीच्या नाक्याच्या पलीकडची. तिचं माहेर आणि सासर यांच्यात एसटीने जेमतेम अर्धा तास, पण तिच्या लहानपणी त्या अर्ध्या तासात एक देश संपून दुसरा लागायचा. त्यावरून ती बाबांना आयुष्यभर चिडवत आली. बाबा यार्डातून घरी आले की म्हणायची, आला गो बाय आमचा पाखलो, चहा ठेव. पाखलो म्हणजे गोरा पोर्तुगीज. बाबा आमचे तव्यासारखे काळे, आणि जहाजदुरुस्तीच्या यार्डात स्टोअर सांभाळून उन्हाने आणखी रापलेले. तेही हसायचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी गावाकडच्या बऱ्याच जणांनी पोर्तुगालचे पासपोर्ट काढले तेव्हा बाबांनीही भारताचा सोडून तो काढला, आणि ताईचाही. माझी बारावी होती, म्हणून माझं नंतर करू म्हणाले आणि ते राहूनच गेलं. आईने साफ नकार दिला. म्हणजे एका घरात चार माणसं आणि दोन देश. बाबांनी हे हौसेने केलं नव्हतं. अमिरातीत तेव्हा माणसाला काय येतं हे विचारण्याआधी पासपोर्ट कुठला हे विचारत. एका टेबलावर तीन माणसं एकच काम करत असतील आणि पासपोर्ट तीन असतील, तर पगारही तीन असायचे. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं, कारण बोलणाऱ्याचा व्हिसा दुसऱ्याच्या खिशात असतो. नवा पासपोर्ट घेऊन बाबा यार्डाच्या ऑफिसात गेले. तिथल्या क्लार्कने पासपोर्ट पाहिला, बाबांचं तोंड पाहिलं, आणि हिंदीत म्हणाला, किताब बदल गई चाचा, कॉन्ट्रॅक्ट वही है. बाबांनी घरी येऊन हे विनोद म्हणून सांगितलं. मला त्यात विनोद दिसला नव्हता, अजूनही दिसत नाही.

ताईची गोष्ट वेगळी होती. ती शारजाच्या हॉस्पिटलात जन्मली, अजमानला वाढली, शाळा तिथली. तिला गाव सुट्टीत पाहिलेलं माहीत, आणि पोर्तुगाल पाहिलेलाच नव्हता. तिला जे शहर आपलं वाटायचं त्या शहराने तिला कधी कागदावर आपलं म्हटलं नाही आणि म्हणणारही नव्हतं. तिथे जन्मलेल्या आमच्यासारख्या सगळ्या मुलींचं तसंच. बापाच्या व्हिसावर राहायचं, बापाची नोकरी संपली की निघायचं. बाबा साठीला आले होते. यार्डाने सांगून टाकलं होतं की पुढचं वर्ष शेवटचं. ताई शारजाच्या एका शाळेत बालवर्गाची मदतनीस होती, पण ती शाळा स्वतःचा व्हिसा द्यायला तयार नव्हती. बापाच्या व्हिसावर आहे तोवर ये, नंतर खलास. म्हणजे हिशेब सरळ होता. बाबांचा व्हिसा संपण्याआधी ताईला स्वतःचा व्हिसा देणारी नोकरी मिळाली तर ती जन्मगावी राहणार, नाही तर नाही. इतकंच पणाला लागलं होतं. ते तिच्यासाठी सगळंच होतं.

आणि ती नोकरी मिळाली होती. कशी मिळाली ते सांगते, कारण तिथेच हा फोरम येतो.

अमिरातीतल्या युरोपियन कुटुंबांसाठी म्हणून एक फोरम होता. इंटरनेटवरचा चव्हाटा म्हणा. कुणाला फ्लॅट हवा, कुणाला दाई हवी, कुणाला घरचं सामान विकायचं, असं सगळं तिथे चालायचं. पासपोर्ट आल्यावर ताईने तिथे नाव नोंदवलं, सगळ्यांसारखं टोपणनाव, आणि फोटो लावला नाही. नोंदवताना फक्त नागरिकत्व विचारलं होतं आणि ते तिने खरं सांगितलं. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून नेट लागायचं. ताई बसली की फोन एंगेज, आणि बांद्याहून मामाचा फोन लागत नाही म्हणून आई कुरकुरायची. पण ताई तिथे लवकरच सगळ्यांची होऊन गेली. का नाही होणार? नव्याने आलेल्या बायकांना जे जे माहीत नसायचं ते तिला जन्मापासून माहीत. बाबागाडीचं चाक कुठे दुरुस्त होतं, कुठल्या समुद्रावर कुठल्या महिन्यात जेलीफिश येतात, वॉचमनशी कसं बोललं म्हणजे तो पाण्याची टाकी वेळेवर भरतो, रमझानमध्ये मुलाला दुपारी कुठे बसून भरवता येतं. एका बाईने लिहिलं होतं की तू नसतीस तर मी पहिल्याच उन्हाळ्यात परत गेले असते. ताईने ते मला दोनदा वाचून दाखवलं. खरं सांगायचं तर मी तेव्हा तिची थट्टा करायचे. मी म्हणायचे, तुझ्या युरोपातल्या मैत्रिणी काय म्हणतात? ती म्हणायची, शट अप.

तिथेच एक बल्गेरियाची बाई होती. तिचा देश तेव्हा युरोपच्या संघात नव्हता, आणि फोरमवरचे काही पुरुष तिला अधूनमधून टोमणे मारायचे की तुम्ही अजून दारात उभ्या आहात, आत बोलावतील तेव्हा या. एकदा ते फार झालं तेव्हा ताईने सगळ्यांसमोर लिहिलं की ही बाई इथे आहे, आपल्यासारखीच मुलं वाढवते आहे, विषय संपला. त्या दिवसापासून दोघींची मैत्री. एकमेकींना रोज लिहायच्या. बल्गेरियाचं दही कसं लावतात ते तिने ताईला शिकवलं आणि आईने ते नाक मुरडत खाल्लं.

फोरमवरच्याच एका इंग्रज बाईने दुबईत नर्सरी काढायची ठरवली. तिने लिहिलं, युरोपियन शिक्षिका हव्यात. ताईकडे बालशिक्षणाचा डिप्लोमा होता. दोघी फोनवर बोलल्या, एकदा नव्हे, पुष्कळदा. कुठली खेळणी घ्यायची, भिंतीला कुठला रंग, हेसुद्धा त्या बाईने ताईला विचारलं. पासपोर्ट विचारला तेव्हा ताईने पोर्तुगीज सांगितलं आणि बाई म्हणाली, उत्तम, व्हिसाचं मी बघते, ईद झाली की येऊन सही कर. त्या दिवशी ताईने फोन ठेवला आणि आईला उचलून गोल फिरवलं. आई म्हणाली, सोड गो, पाठ धरली माझी. बाबा म्हणाले, इन्शाल्ला. आमच्या घरात देवाचं नाव घ्यायच्या ऐवजी बाबा हाच शब्द वापरायचे, इतकी वर्षं झाली होती.

मग रमझान लागला, आणि फोरम सांभाळणाऱ्या मॉडरेटरने नवा नियम काढला. कुणी भलतीच माणसं इथे शिरतात अशी तक्रार होती. भलती म्हणजे कोण ते लिहिलं नव्हतं, सगळ्यांना कळलं होतं. म्हणून नोकऱ्या आणि घरांच्या विभागात ज्यांना राहायचं असेल त्यांनी आपली ओळख द्यावी, तुमचं घराणं मुळात कुठलं ते चार ओळींत सांगावं.

शुक्रवार होता, बाबा घरी होते. ताईने त्यांना हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात जरा काळजी होती. बाबांच्या तोंडावर मात्र मी पाहिलं ते असं, की इतक्या वर्षांनी कुणीतरी शुद्धीवर आलं. ते खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. पेडण्यात अनोळखी मुलगी रस्त्याने जाताना दिसली तर ओट्यावरचा कुठलाही म्हातारा तिला विचारतो, कोणाचां गो चेडू तू? कुणाची मुलगी? तिने उत्तर द्यायचं. गाव, वाडा, कुळाचं दैवत, आजोबा काय करत, आजीचं माहेर कुठलं. म्हातारा ऐकत राहतो, आणखी विचारत राहतो, आणि नातं लागेपर्यंत सोडत नाही. नातं लागतंच. आजीच्या माहेरची नाही तर आत्याच्या जावेच्या भावाची, कुठून तरी लागतं. मग तो म्हणतो, अगो म्हणजे तू आमचीच, बस, पाणी पी. तो प्रश्न आत घेण्यासाठी विचारलेला असतो. बाबांनी आयुष्यात तो दुसऱ्या कशासाठी विचारलेला ऐकलाच नव्हता.

तर त्यांनी सांगितलं, ताईने इंग्रजीत लिहिलं. गाव सांगितलं, वाडा सांगितला. देवळापासून आमचं घर कितवं ते सांगितलं. कुळाच्या देवाला कौल कसा लावतात ते सांगितलं. आजोबा पोर्तुगीज अंमलात रेजिदोराकडे, म्हणजे गावच्या कारभाऱ्याकडे, शिपाई होते आणि त्यांचा गणवेश पेटीत अजून आहे हे सांगितलं. ताई म्हणाली, बाबा, चार ओळी मागितल्यात. बाबा म्हणाले, चार ओळींत कोणाचं नातं लागतं? लिही. शेवटी म्हणाले, असंही घाल की कधी आलात तर या, कुणालाही विचारा, घर दाखवतील. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, तर हो, पाखल्यांना उकड्या तांदळाची पेज वाढते मी.

ताईने बटण दाबलं आणि बाबा वाट बघायला लागले.

मी तेव्हा तिथे होते, हे नुसतं ऐकीव नाही. यार्ड रमझानमध्ये लवकर सुटायचं. ते दुपारी घरी येत, बूट काढायच्या आधी विचारत, कोणाचं काय आलं का? आई म्हणायची, अहो, त्या लोकांची आत्या आपल्या वाड्यात कशी निघेल? ते म्हणायचे, वर्षानुवर्षं राज्य केलं त्यांनी, एखाद्याचा पणजोबा तरी पेडण्याला येऊन गेलेला असणार. ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरोखर वाटत होतं की त्या सगळ्यांत एक जण तरी असेल जो म्हणेल, हां, मला ठाऊक आहे ते देऊळ.

उत्तरं आली होती. ताई ती बाबांना दाखवत नव्हती. नेट स्लो आहे म्हणायची.

पहिलं उत्तर गोड होतं. किती सुंदर हकिकत, पण हे तर भारतात आहे ना? दुसऱ्याने लिहिलं की पासपोर्ट ही एक गोष्ट आणि युरोपियन असणं ही दुसरी. तिसऱ्याने लिहिलं की मला व्यक्तिशः काही हरकत नाही. ही ओळ मी तेव्हापासून खूप ठिकाणी वाचली आहे, आणि मी तुम्हाला सांगते, ज्याला व्यक्तिशः हरकत नसते तोच कुऱ्हाड घेऊन आलेला असतो. त्याने पुढे लिहिलं होतं की भारतीयांसाठी इतके फोरम आहेत, आम्हाला एक तरी आमचा असू दे. मग एकाने लिहिलं की आपण फसवले गेलो आहोत. हिने इतके दिवस आपल्याला कळू दिलं नाही. काय कळू दिलं नाही? कुणी विचारलं होतं? ज्या बाईला पहिल्या उन्हाळ्यात ताईने सांभाळलं होतं ती लिहिते की मला आता आमच्या मुलांबद्दल हिला काय काय सांगितलं ते आठवून कसंतरी होतंय.

आणि त्याच फोरमवर एक ऑस्ट्रेलियाची बाई होती, एक दक्षिण आफ्रिकेचा माणूस होता. दोघांकडे युरोपातल्या कुठल्याही देशाचा पासपोर्ट नव्हता. त्यांचं घराणं कुठलं हे कुणी विचारलं नाही, कारण त्यांच्या फोटोत ते दिसत होतं. मग हा युरोप कुठे आहे ते मला सांगा. नकाशात तर नाही, कायद्यात नाही, पासपोर्टात नाही. तो कातडीत आहे. मग तसं लिहा ना फोरमच्या नावात. निदान आमच्या बाबांनी कौल-प्रसाद तरी सांगितला नसता.

मंगळवारी बाबा घरी आले ते काहीतरी सापडल्याच्या आनंदात. म्हणाले, आजीचं माहेर राहिलं गो सांगायचं. ती मोरजीची. समुद्राकाठची. म्हणून तर संबंध लागत नाहीये. ते घाल. ताई उठून बाल्कनीत गेली. तिथे आईने वाळत घातलेले कपडे होते. ती ते वाळायच्या आधीच काढू लागली.

त्याच दिवशी मॉडरेटरने मतदान लावलं. या सदस्याला ठेवावं का? हो किंवा नाही. ताईने ठरवलं होतं की बुधवारी एकदाच सविस्तर उत्तर द्यायचं. आम्ही दोघींनी मिळून ते लिहिलं. कायदा लिहिला, ऑस्ट्रेलियाची बाई लिहिली, बाबागाडीची चाकं आणि जेलीफिश लिहिले. मला शेवट जास्त तिखट हवा होता, ताई म्हणाली नको, ईदनंतर मला सही करायची आहे. बटण दाबलं, आणि ती ओळ आली. परवानगी नाही. मतदान मात्र वाचता येत होतं. बहुतेकांनी नाही म्हटलं होतं. उत्तर द्यायच्या आधी निकाल लावला होता.

बाबा तेव्हा मागे येऊन उभे होते हे आम्हाला कळलं नाही. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, पहिल्या गोड उत्तरापासून. वाचून झाल्यावर कॉम्प्युटरशी नाही, आमच्याशी नाही, असं मधेच कुठेतरी बघत म्हणाले, "मी जास्त लांबण लावली काय गो? वाडा सांगायला नको होता."

ताई म्हणाली, "बाबा, डोन्ट. प्लीज."

फोरमवरून काढलं तरी नोकरी अजून होती, असं आम्हाला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी नर्सरीच्या बाईचा फोन आला. आवाज अगदी मऊ. मी कान लावून ऐकत होते. ती म्हणाली की तिला स्वतःला काहीच अडचण नाही, पण फी भरणाऱ्या पालकांची एक अपेक्षा असते, आणि ते सगळे फोरमवर आहेत. ताईने विचारलं, माझ्या कामात काही कमी आहे का? ती म्हणाली, डार्लिंग, तुझ्यासारखी मला कुणी मिळणार नाही. आणि फोन ठेवला. भिंतींचा रंग ताईने सांगितलेलाच दिला, असं नंतर कळलं.

आता बल्गेरियाची बाई. त्या सगळ्या उत्तरांत तिचं एकही नव्हतं. ताई तेच शोधत होती. बाकीच्यांचं तिला लागलं नाही असं नाही, पण प्रत्येक वेळी पान उघडलं की ती आधी खाली जाऊन तेच नाव शोधायची. गुरुवारी संध्याकाळी, इफ्तारची तोफ होऊन गेल्यावर, तिचं ईमेल आलं. खाजगी. लांबलचक, प्रेमाचं, रडून लिहिलेलं. तुझ्यासारखी मैत्रीण नाही, ही माणसं नीच आहेत, मला रात्रभर झोप नाही. आणि शेवटी लिहिलं होतं, "समजून घे. मला त्यांनी आत्ताच कुठे आत घेतलंय."

ताईने ते वाचलं आणि पहिल्यांदा रडली. मतदानाला रडली नव्हती, नोकरीला रडली नव्हती.

मग तशीच आणखी ईमेलं आली. चार नाही पाच नाही, बऱ्याच जणींची. सगळ्या खाजगीत. सगळ्यांना वाईट वाटलं होतं. एकीने तर लिहिलं की मी हो म्हणून मत दिलंय, पण हे कुणाला सांगू नको. फोरमवर जाऊन बघावं तर तिथे एक शब्द नाही. तिथे तोपर्यंत ईदच्या सुट्टीत ओमानला कोण कोण चाललंय याची चर्चा सुरू झाली होती.

मी रागाने आपल्या मराठी माणसांच्या ईमेल ग्रुपवर लिहिलं. अमिरातीतली मराठी कुटुंबं त्यात होती, सिनियर मंडळी होती, मला वाटलं निदान इथे कुणी पेटून उठेल. उत्तरं आली ती ऐका. स्वतःच्या हाताने भारतीयत्व सोडलं, आता रडता कशाला? एकाने विचारलं, पेडण्याचे म्हणजे कोकणी की मराठी, आधी ते ठरवा. एक काका म्हणाले की शुक्रवारी नाटकाची तालीम आहे, विषयांतर नको. ज्या ग्रुपवर अबू धाबीजवळ मुसफ्फाच्या कामगार कॅम्पात राहणाऱ्या चिपळूण-राजापूरच्या एकाही मुलाला कधी कुणी बोलावलं नाही, त्या ग्रुपकडून मी काय अपेक्षा करत होते? आणि इथेही नंतर खाजगीत तीन जणांनी लिहिलं की बरोबर आहे तुमचं, शाबास. शाबास घेऊन मी काय करू? ते ताईच्या पासपोर्टात चिकटवू?

पुढचं लवकर सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. यार्डाने बाबांना निरोपाला घड्याळ दिलं. व्हिसा संपला. आई आणि मी भारताच्या पासपोर्टावर विमानात बसलो. बाबांना आपल्या घरी जायला भारताचा व्हिसा काढावा लागला. ज्या वाड्याचा पत्ता त्यांनी इतक्या प्रेमाने लिहवून घेतला होता तिथे ते आता परदेशी नागरिक म्हणून राहतात, आणि मुदत वाढवायला सरकारी कचेरीत जाऊन बसतात. तिथला साहेब त्यांना म्हणतो, काय पोर्तुगीजसाहेब, कसं काय? आई आता त्यांना पाखलो म्हणत नाही. कधीपासून थांबली ते आमच्या लक्षातही आलं नाही.

ताई आमच्याबरोबर आली नाही. गावात तिला काय काम मिळणार होतं? पोर्तुगालमध्ये तिचं कुणी नव्हतं, भाषाही येत नव्हती. ती इंग्लंडला गेली, जिथे गोव्याची बरीच मुलं त्याच पासपोर्टावर जातात. अजमानच्या फ्लॅटची चावी मालकाला देताना त्याने तिला विचारलं, परत कधी येणार? ती अरबीत म्हणाली, माहीत नाही. तिला ती भाषा आमच्या सगळ्यांपेक्षा छान यायची. ती आता एका कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून डब्यांत सँडविच भरते. बालशिक्षणाचा डिप्लोमा आहे तिच्याकडे. मी फोनवर विचारते, तिथल्या बालवाडीत प्रयत्न कर ना? ती म्हणते, करीन गो. तिचं करीन मला आता ओळखता येतं. ती करणार नाही. तिच्यातलं जे काही आपणहून पुढे होऊन अनोळखी बायकांना बाबागाडीचं दुकान सांगायचं, ते संपलंय. ती कुठल्याही फोरमवर नाही. कुणी विचारलं तर उत्तर देत नाही, आणि कुणाची बाजूही घेत नाही. हे मला सगळ्यात जास्त लागतं, आणि मला माहीत आहे की हे मी लिहिल्याने बदलणार नाही. नर्सरी चालू आहे. फोरम चालू आहे, मोठा झालाय म्हणे. बल्गेरियाची बाई तिथे मॉडरेटर आहे.

म्हणून मी त्या मतदान करणाऱ्यांना काही मागत नाही. त्यांनी निदान आपलं मत उघड दिलं. मी मागते ते तुमच्याकडे, जे वाचताना ताईची कीव करत होता. तुम्हीही कुठल्यातरी ग्रुपवर आहात. सोसायटीच्या, मंडळाच्या, शाळेच्या, परदेशातल्या मराठी लोकांच्या. तिथे या आठवड्यात नाही तर पुढच्या महिन्यात कुणालातरी विचारलं जाईल की तू खरी इथली का, आणि तुम्हाला वाईट वाटेल, आणि तुमचा हात खाजगीत दोन ओळी लिहायला जाईल. त्या लिहू नका. त्या कुणालाही नको आहेत. जिथे तिला विचारलं तिथेच, सगळ्यांना दिसेल असं, स्वतःच्या नावाने लिहा की ही इथलीच आहे. तिला काढायच्या आधी लिहा. आणि ते तुमच्याच्याने होणार नसेल, तर आजच त्या ग्रुपवरून आपलं नाव काढून घ्या.